महागडी कॅम्पर व्हॅन आणि तिचे माहीत असलेले दोष : आधी काय दुरुस्त करायचं, कशावर नुसती पाळत ठेवायची

साताऱ्या-सांगलीकडे कॅम्पर व्हॅन घेणाऱ्यांची एक चूक सारखी दिसते. आपल्या गाडीचे नेहमीचे दोष कानावर आले की काही जण असा धसका घेतात की गाडी महिनोन्‌महिने दारातून हलत नाही. काही जण ‘सगळ्याच गाड्यांना काही ना काही असतं’ म्हणून विषय सोडून देतात. दोघांनीही दोषाचं वजन केलेलं नसतं. मग दाराचा खडखडाट घालवायला वर्कशॉपच्या फेऱ्या होतात, आणि छतातून झिरपणारं पाणी आतलं प्लायवूड कुजवत राहतं.

दोष किती जण सांगतात यावरून तो मोठा ठरत नाही. तो कुठे गाठतो, आधी कळतो का आणि त्याचे पैसे कोण देणार, यावर ठरतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. पहिले तीन टाळून थेट दुरुस्तीला गेलात तर पैसा हमखास चुकीच्या जागी जातो.

टप्पा १ : गाडीची ओळख कागदावर पक्की करा

एक जाड वही घ्या. पहिल्या पानावर चासी नंबर, इंजिन नंबर, चासी कोणत्या महिन्यात-वर्षात बनली, घर म्हणजे आतलं काम कधी झालं आणि नोंदणी कधी झाली, हे लिहा. या तारखा सहसा वेगवेगळ्या असतात. चासी आधीच्या वर्षाची, आतलं काम पुढच्या वर्षाचं आणि वॉरंटी मात्र चासी विकली त्या दिवसापासून सुरू, असं बऱ्याचदा निघतं. आतलं काम चालू असताना चासीच्या वॉरंटीचे कित्येक महिने तिथेच संपलेले असतात.

मग हे कागद एकत्र करा :
१. आरसी. वाहनाचा प्रकार ‘कॅम्पर व्हॅन’ किंवा ‘मोटर कॅरॅव्हॅन’ असा आहे का, आसनसंख्या बरोबर आहे का ते बघा.
२. बॉडी बिल्डरचं सविस्तर बिल. ‘कन्व्हर्जन – एकूण रक्कम’ एवढीच ओळ असेल तर सामानवार यादी मागून घ्या.
३. फ्रिज, इन्व्हर्टर, बॅटरी, छतावरचा एसी, पाण्याचा पंप या प्रत्येकाचं वॉरंटी कार्ड आणि सिरियल नंबर.
४. विमा पॉलिसी पूर्ण, सगळ्या पानांसकट.
५. आजवरची सगळी जॉब कार्डं, म्हणजे सर्व्हिसला गाडी दिली की तक्रार आणि काम लिहून देतात ते कागद.

इशारा : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत आरसीशी न जुळणारा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही. आरसीवर साधी प्रवासी गाडी आणि आत पलंग, गॅस, छतावर एसी असं असेल तर बाकी सगळ्या दोषांआधी हा दोष मिटवा. अपघात झाल्यावर विमा कंपनी आधी हेच बघते. साताऱ्याच्या एमएच-११, कऱ्हाडच्या एमएच-५० किंवा सांगलीच्या एमएच-१० कार्यालयात, जिथली नोंदणी असेल तिथे जाऊन विचारा.

तपासा : विम्यात गाडीची जी किंमत धरली आहे तीत आतल्या कामाचा खर्च धरलाय का? नुसत्या चासीची किंमत धरली असेल तर निम्मी गाडी उघडीच आहे.

टप्पा २ : दोष तीन खात्यांत वेगळे करा

कॅम्पर व्हॅन एक दिसते, पण तिच्यामागे तीन वेगळे जबाबदार लोक असतात. चासी बनवणारा, त्यावर घर बांधणारा, आणि आतली उपकरणं बनवणारे. बिघाड झाला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सर्व्हिस सेंटर म्हणतं, ‘साहेब, वायरिंगला बाहेरच्याने हात लावलाय.’ बॉडीवाला म्हणतो, ‘आमचं फक्त फर्निचर, करंट गाडीचा आहे.’

म्हणून वहीत तीन पानं पाडा.

चासी : इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, ब्रेक, स्टिअरिंग, पाटे, धूर साफ करणारी यंत्रणा, गाडीची मूळ बॅटरी.
घर : छताला पाडलेली भोकं, खिडक्या, सील, प्लायवूड, दारं, पाण्याच्या टाक्या, गॅसची नळी, आतलं वायरिंग.
उपकरणं : फ्रिज, एसी, इन्व्हर्टर, सोलर, घराची बॅटरी, पंप, गिझर.

आता ऐकलेला, वाचलेला आणि स्वतः अनुभवलेला प्रत्येक दोष योग्य पानावर लिहा. दोन खात्यांच्या शिवेवरचे दोष वेगळ्या शाईने लिहा. घराची बॅटरी अल्टरनेटरवर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग) चार्ज होत नाही, मागचे पाटे बसलेत, ब्रेक लवकर झिजतात, हे सगळे शिवेवरचे. भांडणं इथेच होतात, आणि टप्पा ६ मधलं जॉब कार्ड नीट लिहिणं इथेच सगळ्यात जास्त कामाला येतं.

टप्पा ३ : तो दोष तुमच्या गाडीला लागू आहे का?

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. दोष गाडीच्या नावाला चिकटलेला नसतो, तो विशिष्ट इंजिनाला, विशिष्ट काळात बनलेल्या भागाला चिकटलेला असतो.

परदेशातली दोन गाजलेली उदाहरणं बघा. फोक्सवॅगनच्या टी५ गाडीत २००९ ते २०१५ या काळात आलेलं १८० हॉर्सपॉवरचं, दोन टर्बोंचं सीएफसीए इंजिन जास्त ऑइल पितं म्हणून बदनाम झालं. ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग, आतून झिजायचा, त्याचे कण सिलिंडरमध्ये जाऊन ओरखडे पाडायचे. पण त्याच गाडीतल्या कमी ताकदीच्या, एका टर्बोच्या इंजिनांची अशी ख्याती नव्हती. फोर्ड ट्रान्झिटचं २.० लिटर इकोब्लू इंजिनही तसंच. त्यात टायमिंग बेल्ट तेलात भिजलेला चालतो, आणि तो झिजला की त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. आधीच्या २.२ लिटर इंजिनात साखळी होती, तिथे हा प्रश्नच येत नाही. नुसतं गाडीचं नाव ऐकून घाबरलेल्या किंवा निर्धास्त झालेल्या दोन्ही मालकांनी इंजिनाचा कोड बघितलेला नसतो.

आपल्याकडच्या फोर्स ट्रॅव्हलर, अर्बानिया, टाटा विंगर किंवा पिकअपवर बांधलेल्या कॅम्परलाही हीच पद्धत लावा. पहिली चाळणी बीएस-४ की बीएस-६ ही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या दोषांची यादीच बदलली. जुन्या मालकाचा दहा वर्षांचा अनुभव तुमच्या नव्या गाडीच्या सायलेन्सरखाली काय चाललंय हे सांगू शकत नाही.

दुसऱ्या मालकाशी बोलताना ‘गाडी कशी आहे?’ असं विचारू नका. हे विचारा :
१. बिघाड झाला तेव्हा किती किलोमीटर झाले होते आणि गाडी किती वर्षांची होती?
२. आधी काय लक्षण दिसलं? किती दिवस आधी?
३. नेमका कोणता भाग बदलला? नवा भाग सुधारित होता की जुनाच?
४. तोच बिघाड परत आला का?
५. पैसे कुणी दिले?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं. परत आला असेल तर मूळ कारण कुणालाच सापडलेलं नाही. आणि दहा जणांनी सांगितलेली गोष्ट एकाच माणसाकडून ऐकलेली असू शकते, तेव्हा ज्याच्या गाडीला स्वतः झालं त्याच्याकडूनच ऐका.

तपासा : चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला रिकॉल (सदोष भागासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं) किंवा ‘सर्व्हिस कॅम्पेन’ शिल्लक आहे का विचारा. वाहन उत्पादकांची संघटना सियाम हिच्या संकेतस्थळावरही रिकॉलची माहिती मिळते. रिकॉलचं काम फुकट होतं. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हे न चुकता करा. कंपनीचं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असतं.

टप्पा ४ : दोषाचं वजन करा

आता वहीत जेवढे दोष उरले त्यांना हे प्रश्न याच क्रमाने विचारा. क्रम बदलू नका.

१. याने जिवाला धोका आहे का?
२. याने गाडी रस्त्यात अडकेल का?
३. दुर्लक्ष केलं तर हा दोष पसरतो का?
४. दुरुस्तीला किती पैसे लागतील?
५. नुसता त्रास आहे का?

बहुतेक लोक चौथ्यापासून सुरुवात करतात. पण इन्व्हर्टरच्या जाड वायरचा ढिला लग, म्हणजे टोकाचा धातूचा जोड, शंभर-दोनशे रुपयांत बदलून होतो, आणि तोच तापून आग लागते. एसीचा कॉम्प्रेसर महाग, पण तो गेला तर फार तर उकडेल.

पहिल्या प्रश्नाला ‘हो’ आलं की पुढचे प्रश्न विचारू नका, गाडी हलवू नका. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, गॅस आणि आतलं वायरिंग, हे या गटात.

चार दोष असे आहेत की ते जवळजवळ प्रत्येक कॅम्परमालकाला आज ना उद्या भेटतात, आणि त्यांच्याच वजनात सगळ्यात जास्त गफलत होते.

अ. डीपीएफ चोंदणं

बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी डीपीएफ नावाच्या फिल्टरमध्ये साठते. गाडी अधूनमधून ही काजळी जाळून टाकते. त्यासाठी धुराचं तापमान साधारण ५५० ते ६०० अंशांवर जावं लागतं, आणि ते एका लयीत, वेगात गाडी चालली तरच नीट होतं. कॅम्परचा वापर नेमका याच्या उलट असतो. आठवडेच्या आठवडे उभी, मग यवतेश्वरच्या घाटाने हळूहळू कासला, तिथे एसीसाठी तासभर इंजिन नुसतंच चालू. काजळी साठायला याहून चांगली सोय नाही.

लक्षणं ओळखा. उभ्या गाडीत इंजिनाचा आवाज थोडा चढतो, पंखा जोरात फिरत राहतो, गरम वास येतो, मायलेज एकदम खाली येतं. म्हणजे काजळी जळण्याचं काम चालू आहे. त्या वेळी गाडी बंद करू नका, दहा-वीस मिनिटं चालवा. हे काम वारंवार अर्धवट तुटलं तर बऱ्याच इंजिनांत जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघितली तर तेल ‘मॅक्स’च्या खुणेच्या वर चढलेलं दिसतं, बोटावर घेतलं तर पातळ लागतं आणि डिझेलचा वास येतो. ‘गाडी ऑइल अजिबात खात नाही’ म्हणून खूश होणारा मालक इथे फसतो. पातळ तेलाने बेअरिंगं जातात.

उपाय साधा आहे. पंधरा-वीस दिवसांतून एकदा साताऱ्याहून कऱ्हाडपर्यंत हायवेला एका लयीत जाऊन या. उभ्या गाडीत एसीसाठी इंजिन चालू ठेवणं बंद करा.

इशारा : गॅरेजवाला म्हणेल, ‘दादा, फिल्टर आतून पोकळ करून टाकू, कटकटच मिटेल.’ ऐकू नका. वॉरंटी जाते, गाडी उत्सर्जनाच्या नियमात बसत नाही, आणि विकताना जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच तपासतं.

याच कुटुंबातलं दुसरं दुखणं डीईएफचं, म्हणजे निळ्या झाकणाच्या टाकीतल्या युरियाच्या पाण्याचं. ते उन्हात जुनं होतं, नोझलपाशी पांढरे खडे धरतात. टाकी रिकामी झाली तर गाडी जोर कमी करते, काही मॉडेलं बंद केल्यावर पुन्हा चालूच होत नाहीत. सीलबंद, ताज्या तारखेचंच घ्या. आणि चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, टाकी उतरवून साफ करून घ्या.

वजन : अडकवतो, पसरतो, पण भरपूर आधी सूचना देतो. म्हणून गट ‘पाळत’ (गटांचे अर्थ टप्पा ७ मध्ये आहेत). डिपस्टिकवर तेल चढलेलं दिसलं की त्याच दिवशी गट ‘आत्ता’.

ब. छताची गळती

माझ्या मते कॅम्परला सगळ्यात जास्त मारतो तो हाच दोष, आणि सगळ्यात कमी लोक त्याकडे बघतात. याने गाडी अडकत नाही, जिवाला लगेच धोका नाही, म्हणून तो मागे पडतो. पण तिसऱ्या प्रश्नात हा सगळ्यांना मागे टाकतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर त्या पट्ट्यात गाडी उभी असेल तर सुईच्या टोकाएवढं भोकही पुरतं.

तपासणी अशी करा. स्कायलाइट, एसी, सोलरचे पाय, कॅरिअरचे बोल्ट, या प्रत्येकाच्या खाली आतून चारी कोपऱ्यांत अंगठ्याने दाबा. निरोगी प्लायवूड ठणठणीत लागतं. पाणी प्यालेलं किंचित दबतं, बोट उचललं तरी खळगा राहतो, आणि लॅमिनेटचा रंग चहासारखा पिवळट दिसतो. गादी उचलून खालच्या फळीचा वास घ्या. कपाटाच्या वरच्या आतल्या कोपऱ्यात टॉर्च मारा. ओलावा मोजायचं छोटं मीटर बाजारात मिळतं, ते घेऊन ठेवा आणि मोजलेले आकडे वहीत लिहा.

संशय असेल तर पाइपने पाणी मारून बघा, पण खालून वर. आधी खिडक्यांच्या खालच्या कडा, दहा मिनिटं थांबा, आत बघा. मग वरच्या कडा. मग छताची किनार. सगळ्यात शेवटी छतावरची भोकं. आधीच वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि कुठून आत शिरलं ते कळतच नाही.

दुरुस्तीत होणारी चूक : बाथरूमला लावतात ते सिलिकॉन वरून फासणं. त्यावर नंतर दुसरं काही चिकटत नाही, आणि आंबूस वासाचं सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं. जुनं सील पूर्ण खरवडून, जागा कोरडी करून ब्युटाइल टेप किंवा पॉलियुरेथेन सीलंट लावा. फळी बदलायची वेळ आली तर आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लायच घ्या.

वजन : ओलावा सापडला की ‘आत्ता’. पावसाळ्याआधी मे महिन्यात, आणि दसऱ्यानंतर पुन्हा एकदा तपासणी.

क. घराची बॅटरी चार्ज न होणं

नव्या गाड्यांतले बरेचसे अल्टरनेटर इंधन वाचवायला मध्येच व्होल्टेज कमी करतात. दोन बॅटऱ्या जोडायला जुन्या पद्धतीचा नुसता रिले (आपोआप चालणारा स्विच) लावलेला असेल तर घराची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, आणि मालक बॅटरीवर खापर फोडून नवी बॅटरी घेतो. गाडीच्या विजेवरून घराची बॅटरी योग्य व्होल्टेजने भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर आहे का ते आधी बघा. लिथियम बॅटरी असेल तर तो हवाच. नाहीतर ती एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो.

साधी लेड-ॲसिड बॅटरी रात्रभर शांत ठेवून सकाळी मोजा. १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत फारसं हलत नाही, तिथे हा हिशेब चालत नाही. शंट असलेला, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा मॉनिटर लावा.

तपासा : बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ फ्यूज आहे का? इन्व्हर्टर तासभर लोडवर चालवून बंद करा, मग प्रत्येक लगपाशी हात नेऊन बघा. ऊब जाणवली तर तो दोष जिवाच्या गटात गेला. उसाच्या फडाशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी दर महिन्याला बघा.

ड. वजन आणि ब्रेक

ब्रेक लवकर झिजतात, पाटे बसतात, मागचे टायर आतून खातात, हे तीन वेगळे दोष म्हणून लिहिले जातात आणि बऱ्याचदा तिघांचं मूळ एकच निघतं : गाडी जड झालीय. पाणी भरून, गॅस, सामान, माणसं घेऊन गाडी वजनकाट्यावर न्या. या दोन्ही जिल्ह्यांत काट्यांना तोटा नाही. पुढची चाकं, मागची चाकं आणि पूर्ण गाडी, अशी तीन वजनं घ्या आणि चासीच्या प्लेटवरच्या मर्यादांशी ताडून बघा. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो. ती मागच्या ॲक्सलच्या मागे असेल तर मागच्या चाकांवर शंभराहून जास्त भार येतो.

पसरणीच्या घाटातून वाईकडे उतरताना हा दोष पेडलमध्ये कळतो. पेडल नरम पडतं, जास्त खाली जातं, जळका वास येतो. असं झालं तर खालचा गिअर टाकून बाजूला थांबा, ब्रेक थंड होऊ द्या. ब्रेक ऑइल ओलावा धरतं, ते दोन वर्षांनी बदलाच. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा, ३२२१ म्हणजे २०२१ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. कॅम्परचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, नक्षी नवी दिसली तरी पाच-सहा वर्षांनंतर विश्वास ठेवू नका.

वजन : मर्यादा ओलांडली असेल तर ‘आत्ता’. सामान कमी करणं हीच पहिली दुरुस्ती.

टप्पा ५ : आपल्या मुलखाचा हिशेब त्यात धरा

मुंबई-पुण्याच्या मालकाने केलेलं वजन जसंच्या तसं उचलू नका. आपल्याकडे यांत्रिक दोष हलके आणि इलेक्ट्रॉनिक दोष जड. तुटलेला पाटा, फुटलेलं ब्रॅकेट, वाकलेली पायरी, क्लचप्लेट यासाठी सातारा, कऱ्हाड, कुपवाड-मिरज इथे उत्तम हात आहेत. ट्रॅक्टर आणि उसाच्या गाड्या सांभाळणारे मिस्त्री तुमचा पाटा दिवसात भरून देतील. पण सेन्सर, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), डीईएफ पंप गेला तर गाडी कंपनीच्या स्कॅनरशिवाय हलत नाही, आणि भाग यायला किती दिवस लागतील हे सर्व्हिस सेंटरही सांगत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनिक दोषाला एक पायरी वर चढवा, यांत्रिक दोषाला एक पायरी खाली आणा. जिवाच्या गटातल्या दोषाला ही सूट नाही.

मग तुमचे रस्ते बघा. बामणोली, कोयनेचं खोरं, कुंभार्ली घाट इथे कित्येक ठिकाणी फोनला रेंज नाही. इथे ‘अडकवणारा’ दोष घेऊन जायचं नाही. जत-आटपाडी, माण-खटावच्या उन्हात गळती लपून राहते, पण सील तडकतात, बॅटरी आणि डीईएफ लवकर म्हातारे होतात. सांगली परिसरात बोअरचं जड पाणी गिझर आणि पंपात खार धरतं. टाकी भरताना गाळणी लावा आणि पंपाची जाळी अधूनमधून साफ करा.

सांगलीकरांसाठी वेगळा इशारा : २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. नदीकाठच्या भागात गाडी उभी असेल तर ४० फुटांची वाट न बघता, कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की गाडी उंचावर हलवा. विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर घ्या. आणि पाण्यात बुडालेली गाडी ‘चालू होते का बघू’ म्हणून एकदाही स्टार्ट करू नका. इंजिनात पाणी असताना फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तेवढ्यावरून दावा नाकारला जाऊ शकतो.

टप्पा ६ : पैसे कोण देणार ते आधी ठरवा

वॉरंटी संपायच्या तीन महिने आधी वही उघडा आणि तिन्ही पानांवरचा प्रत्येक दोष लेखी नोंदवा. तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही.

जॉब कार्डवर निदान लिहू देऊ नका, लक्षण लिहून घ्या. ‘क्लच तपासणे’ असं लिहिलं तर तपासला, ठीक आहे, विषय संपला. ‘इंजिन गरम असताना, चढावर रिव्हर्स घेताना गाडी थरथरते’ असं लिहिलं तर ती नोंद राहते. लक्षण, कधी येतं, किती किलोमीटरवर आलं, या तीन गोष्टी हव्यातच. गाडी परत घेताना बिघाड गेला नसेल तर ‘तक्रार कायम’ असं तुमच्या हाताने लिहून सही करा आणि प्रत घ्या. शिवेवरच्या दोषासाठी चासीवाला आणि बॉडीवाला दोघांना एकच ईमेल एकाच वेळी पाठवा, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्याला दिसतं.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. त्यापुढे ग्राहक आयोग. गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाखांच्या वर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या ठिकाणीही तक्रार करता येते, विक्रेता पुण्याचा असला तरी. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ या आश्वासनात ही दोन वर्षं सहज निघून जातात.

इशारा : एक्स्टेंडेड वॉरंटी घेताना ती फक्त चासीची असते हे लक्षात ठेवा. घराच्या खात्यासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा, तेही गाडी घेतल्याच्या वर्षापासून.

टप्पा ७ : निर्णय – आत्ता, पाळत, सोडा, की विका

प्रत्येक दोषापुढे एकच शब्द लिहा.

‘आत्ता’ : जिवाचे सगळे, आणि पसरणारे. हे होईपर्यंत लांबचा प्रवास नाही, पाहुणे कितीही खोळंबले तरी.
‘पाळत’ : आधी सूचना देणारे. पुढे लक्षण आणि तपासायची तारीख लिहा. तारीख नसलेली पाळत म्हणजे दुर्लक्ष.
‘सोडा’ : खडखडाट, हलका ओरखडा, फ्रिजच्या दाराची कुरकुर. हे सर्व्हिसच्या वेळी जाता जाता करून घ्या.

दुरुस्तीही एकदम सगळी काढू नका. एक काम, मग एक छोटा प्रवास, मग दुसरं काम. चार गोष्टी एकाच वेळी बदलल्या आणि नवा आवाज आला तर कशामुळे आला ते शोधता येत नाही.

विकायचा विचार कधी करायचा? तोच अडकवणारा दोष मूळ कारण न सापडता तिसऱ्यांदा आला, किंवा ओलावा फळी सोडून पत्र्याच्या आतल्या सांगाड्यापर्यंत गेला, किंवा लागणाऱ्या भागाचा पुरवठाच बंद झाला, तर. एखाद्या मोठ्या बिलाच्या धक्क्यात विकू नका. बिल भरून दोष गेला, तर त्याचा फायदा पुढच्या मालकाला, पैसे मात्र तुमचे.

विकताना वही आणि जॉब कार्डं गिऱ्हाइकापुढे ठेवा, दोष आधीच सांगा आणि व्यवहाराच्या कागदावर ते माहीत असल्याची त्याची सही घ्या. किंमत थोडी कमी येईल, पण नंतरचा वाद टळतो. फॉर्म २९ आणि ३० भरून दिल्यावर नाव खरंच बदललं का, हे परिवहनच्या संकेतस्थळावर बघा. ते होईपर्यंत गाडीच्या अपघाताची आणि दंडाची जबाबदारी तुमच्याच नावावर राहते.